सही घेतल्याशिवाय

पाबळात मला अजून 'कुवेतवाले नाना' म्हणतात. परत आल्यावर सणसवाडीच्या एका कारखान्यात हिशेब लिहून मी निवृत्त झालो, पण त्या कारखान्याचं नाव कुणी माझ्यामागे लावलं नाही. युद्धातून सुटून आलेला माणूस म्हटला की ऐकणारा जरा सरसावून बसतो, आणि मीही त्याला निराश केलं नाही. माझी गोष्ट ठरलेली होती. २ ऑगस्ट १९९०च्या पहाटे इराकचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले, त्याच दिवशी सैनिकांनी आमचं ऑफिस फोडून तिजोरीसकट कामगारांचे पासपोर्ट नेले, आणि पुढे आम्ही वाळवंट तुडवत जॉर्डन गाठलं. यातला रणगाड्यांचा भाग खरा, वाळवंटाचा खरा. मधला भाग मी घडवला.

गावाकडून जाण्याची माझी वेळही गमतीची होती. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली हिंदुस्थान लिव्हरची शास्त्रज्ञाची नोकरी सोडून पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. कमी पावसाचं, कोरडवाहू गाव त्यांना मुद्दाम हवं होतं. त्याच सुमारास त्याच कोरडवाहूपणाला कंटाळून मी बी.कॉम.चं सर्टिफिकेट घेऊन मुंबईचा एजंट गाठला. वडील म्हणाले, "शहाणी माणसं इकडं यायला लागलीत अन् तू निघालास." मी ते हसण्यावारी नेलं.

कुवेतमध्ये मी एका बांधकाम ठेकेदाराकडे अकाउंटंट होतो. हुद्दा बरा होता, म्हणून माझा पासपोर्ट माझ्याजवळ असे. गवंडी, सुतार, फिटर, तीस-पस्तीस माणसं, बहुतेक आंध्र आणि केरळची, त्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत. ही तिकडची रीतच होती. माणूस विमानातून उतरला की पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे जमा, हातात फक्त इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना. सुट्टीवर जायचं तर अर्ज, अर्जावर मालकाची सही, मग माझ्या रजिस्टरमध्ये कामगाराची सही, मग पासपोर्ट. ते रजिस्टर मी फार नीट ठेवलं होतं. खाडाखोड नाही, एक रकाना रिकामा नाही. त्याचा मला अभिमान होता, आणि पुढचं सगळं त्या अभिमानातून झालं.

जुलैत मालक कुटुंबासह युरोपात गेला. कुवेतचे पैसेवाले लोक उन्हाळ्यात बाहेरच असत. जाताना नेहमीसारखं सांगून गेला, "मी येईपर्यंत तिजोरीतलं काही बाहेर जायला नको." मॅनेजर इजिप्तचा होता. आक्रमणानंतर चार-सहा दिवसांत तो गाडी भरून निघून गेला आणि त्याची किल्लीही माझ्याकडे देऊन गेला. म्हणजे तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडे.

कामगार पहिल्या आठवड्यातच आले. त्यांचा मुकादम एक तेलुगू सुतार होता, चांगली हिंदी बोलायचा. म्हणाला, "साब, पासपोर्ट दे दो, बाहर निकलने का रास्ता देखते हैं." मी म्हणालो, मालकाच्या सहीशिवाय कसा देऊ? दोन दिवसांनी तो पुन्हा आला, पुन्हा तेच उत्तर. देशाचा अमीर सौदीत पळाला होता, रेडिओ स्टेशन इराकच्या हातात होतं, बँकांपुढे रांगा होत्या, आणि मी सहीची वाट बघत होतो. हे आज लिहिताना मलाच खरं वाटत नाही. पण तेव्हा मनात हिशेब पक्का होता: पंधरा दिवसांत प्रकरण मिटेल, मालक परत येईल, आणि पहिला प्रश्न मला विचारेल. नोकरी टिकली पाहिजे होती. पाबळला विहिरीचं काम अर्धवट होतं.

भीती होती असं म्हणून सुटता येणार नाही. भीती सैनिकांची होती, मालकाची नव्हती. तो तर हजारो मैलांवर होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इराकी चौकी होती. तिथला एक सैनिक कधी ऑफिसात पाणी प्यायला येई. मूळचा शाळेत भूगोल शिकवणारा. इराणबरोबरच्या आठ वर्षांच्या लढाईत त्याची उमेदीची वर्षं गेली, १९८८ला ती थांबली तेव्हा घरी जाऊन पुन्हा खडू हातात घेतला, आणि आता परत बोलावून इथे आणून ठेवला होता. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर त्याने मला भारत दाखवायला सांगितला, मग स्वतःच बोट ठेवून म्हणाला, मुंबई. त्याला पगार वेळेवर मिळत नव्हता, जेवणही धड नव्हतं. एक दिवस तिजोरीकडे बघून म्हणाला, "तुमचे कागद काढून घ्या. माझ्यामागून येणारे असे विचारणार नाहीत." मी त्याला सांगितलं की हे मालकाचं आहे. तो हसला. त्याचा गणवेश शत्रूचा होता, पण त्या महिन्यात मला सरळ सल्ला दिला तो फक्त त्याने.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरी तुकडी आली. टाइपरायटर, एसी, पंखे, टेबलं, सगळं ट्रकमध्ये गेलं, आणि दोराने ओढत तिजोरीही. किल्ली मागितलीसुद्धा नाही. मी घरी होतो, दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर भिंतीवर नकाशा तेवढा राहिला होता. रजिस्टर मी आधीच घरी आणून ठेवलं होतं. पासपोर्ट आणले नाहीत, रजिस्टर आणलं.

या उशिराची किंमत किती, ते तारखांवरून कळतं. इराकने सगळ्या देशांना कुवेतमधल्या वकिलाती २४ ऑगस्टपर्यंत बंद करायला सांगितलं होतं, आणि भारतीय वकिलातीचं कामकाज बसऱ्याला हलवावं लागलं. ज्याच्याकडे पासपोर्ट होता तो बगदादमार्गे बसने जॉर्डनच्या हद्दीपर्यंत जाऊ शकत होता. एअर इंडियाची विमानं अम्मानहून १३ ऑगस्टपासून सुटत होती. ज्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, त्याला आधी वकिलातीकडून तात्पुरता कागद करून घ्यावा लागे, फोटो, साक्षीदार, रांगा, आणि आता ती रांग दुसऱ्या शहरात. माझ्या माणसांना पहिल्या पंधरवड्यात निघता आलं असतं. ती सप्टेंबरात निघाली.

मी मात्र ऑगस्ट संपायच्या आत शेजारच्या दोन कुटुंबांबरोबर निघालो. कामगारांच्या कॅम्पवर निरोप घ्यायला गेलो नाही. जॉर्डनच्या हद्दीवर, दोन देशांच्या मधल्या पट्ट्यात तंबू होते, पाण्याच्या टँकरवर मारामाऱ्या होत होत्या. माझी बचत कुवेती दिनारमध्ये होती. इराकने दोन्ही दिनारांची किंमत सारखी करून टाकली होती आणि बाहेर कुणी तो दिनार घेईना. मुंबईच्या सहार विमानतळावर उतरलो तेव्हा खिशात पुण्यापर्यंतचे पैसे एका अनोळखी मराठी माणसाने दिलेले. शिवाजीनगरहून एसटीने पाबळला आलो. त्या सुमारे दोन महिन्यांत विमानांच्या पावणेपाचशेहून जास्त फेऱ्यांमध्ये १ लाख ११ हजारांवर माणसं आणली गेली. पुढे त्याचा विक्रम म्हणून गौरव झाला, आणि त्या आकड्याच्या आधाराने मीही थोडा मोठा झालो.

तिजोरीची तारीख मी कधी बदलली, तेही आठवतं. पारावर कुणीतरी सहज विचारलं, "मग त्या कामगारांचं काय झालं?" तोंडातून निघालं, "त्यांचे पासपोर्ट पहिल्याच दिवशी सैनिकांनी नेले." लोक हळहळले. मलाही हलकं वाटलं. नंतर तेच कायम झालं.

खरी परीक्षा १९९२च्या आसपास आली. संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला होता, दिल्लीत परराष्ट्र खात्याचा कुवेत कक्ष अर्ज घेत होता. कुवेत सोडावं लागलं याबद्दल एका माणसाला २५०० डॉलर ठरले, आणि दुसऱ्या कुठल्याही प्रकारात दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ४०००. मी ४०००चा पर्याय घेतला. बुडालेला पगार आणि घरातलं सामान वेगळं मागता आलं असतं, पण त्यासाठी कागद जमवायचे होते आणि मला लवकर संपवायचं होतं. पैसे यायला तरी वर्षं गेली. इराकचं तेल विकून जमणाऱ्या निधीतून ते येणार होते, आणि त्यासाठीची तेलविक्री १९९६च्या शेवटापर्यंत सुरूच झाली नाही. कुवेतला द्यायचा शेवटचा हप्ता तर २०२२ साली चुकता झाला.

त्याच काळात मुकादमाचं पत्र आलं. कुणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलेलं. अर्जाला पुरावा हवा होता, पासपोर्ट नव्हता, तात्पुरत्या कागदाची प्रत काहींकडे होती, काहींकडे नव्हती. ही माणसं कुवेतमध्ये अमुक ठेकेदाराकडे होती आणि त्यांचे पासपोर्ट अमुक तारखेला गेले, एवढं मी लिहून सही करून द्यावं, अशी विनंती होती. रजिस्टर माझ्या ट्रंकेत होतं. नाव, पासपोर्टचा नंबर, जमा केल्याची तारीख, सगळं. एका दुपारचं काम. पण "अमुक तारखेला" या शब्दांपाशी अडकलो. खरी तारीख लिहिली तर तोवर ते माझ्या ताब्यात का होते, हे कुणी विचारलं असतं. खोटी लिहिली तर मुकादमाला खरी माहीत होती. मी उत्तर दिलं नाही. दुसरं पत्र आलं, त्यालाही नाही. तिसरं आलं नाही.

पासपोर्टवर छापलेलं असतं की तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. १९६७च्या कायद्यातही तेच आहे. ते ना मालकाचे होते, ना माझे. हे मला तेव्हाही वाचता येत होतं.

२०१६ला कुवेतच्या त्याच सुटकेवरचा 'एअरलिफ्ट' सिनेमा आला तेव्हा गावातली पोरं मोबाईलवर तो दाखवायला घेऊन आली. "नाना, असंच होतं का?" मी म्हणालो, थोडंफार. २०२२च्या मार्चमध्ये युद्धामुळे युक्रेनहून वैद्यकीयची मुलं परत आली, तेव्हा तालुक्यात त्यांचा सत्कार ठेवला होता, आणि अनुभवी माणूस म्हणून मलाही व्यासपीठावर बसवलं. शाल, श्रीफळ. एका मुलीने सांगितलं की हद्दीवर चालत जाताना तिने कागदपत्रांची पिशवी कपड्यांच्या आत बांधली होती, बाकी सगळं टाकून दिलं. टाळ्या पडल्या. मग माझी पाळी आली. त्या दिवशी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. माईक हातात आला आणि मी पुन्हा पहिल्याच दिवशी तिजोरी गेल्याचं सांगितलं.

मुकादमाने मागितलं होतं तसं आता लिहून देतो. सदर कामगारांचे पासपोर्ट ऑगस्ट १९९०च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ऑफिसात सुरक्षित होते. ते त्यांनी वारंवार मागितले. मी दिले नाहीत.