मातीवरचा हंगाम

आमच्या पालघरच्या किनाऱ्यावर कबड्डीचा हंगाम माती ठरवते. परतीचा पाऊस ओसरतो, भाताची कापणी-झोडणी उरकते, दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्याने जमीन आवळून येते आणि एखाद्या संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर कुणीतरी विषय काढतं, "काय, मैदान घ्यायचं ना या वर्षी?" तिथून हनुमान जयंतीपर्यंत सातपाटीपासून वरोरपर्यंतच्या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या गावात रात्री दिवे लागलेले दिसतात. माझं सारं आयुष्य या दिव्यांच्या आसपास गेलं. आधी मैदान चाळणारा पोरगा म्हणून, मग उजव्या कोपऱ्यावरचा खेळाडू म्हणून, आणि आता टेबलावर बसणारा गुणलेखक म्हणून.

गावची जमीन रेताड. रेतीवर पाय रुतत नाही, घसरतो, आणि पकडीत सापडलेल्या गड्याचा गुडघा फिरतो. म्हणून पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याची लाल माती आणावी लागे. माती ट्रॅक्टरने यायची, पण पुढचं सगळं काम हाताने. आम्हा मुलांकडे चाळणी असे. एक खडा राहिला तर तो कुणाच्या तरी ढोपरात घुसणार, हे आम्हाला मोठ्यांनी इतकं बजावलेलं की आम्ही तांदूळ निवडावेत तशी माती निवडायचो. मग पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी धुमसाने चोपायचं, पुन्हा पाणी, पुन्हा चोपणं. शेवटी सुतळी ताणून १३ मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखायचा आणि फक्की मारायची. मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा, दोन्ही बाजूंची राखीव क्षेत्रं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा उमटल्या की कालपर्यंत जाळी वाळत पडलेली जागा एकदम निराळी दिसू लागे. त्या चौकोनात चप्पल घालून कुणी जात नसे, गावचा सरपंचसुद्धा.

स्पर्धेच्या तारखा भरती-ओहोटीवर ठरत. हे मुंबईच्या मंडळींना समजावून सांगावं लागे. डोल जाळ्याची मासेमारी उधाणावर चालते. पाण्याला ओढ असेल तेव्हाच डोल भरते. भांगाच्या दिवसांत पाणी सुस्त असतं आणि होड्या किनाऱ्याला लागतात. म्हणजे आमचे अर्धे खेळाडू मोकळे होत ते भांगात. अष्टमीच्या आसपासची तिथी धरून पत्रिका छापायची. बाकीचे अर्धे खेळाडू कारखान्यातले. त्यांची पाळी कुठली आहे ते पाहून सामन्यांचा क्रम लावायचा. रात्रपाळीवाल्यांचा संघ आधी, दुसऱ्या पाळीवाल्यांचा बारानंतर. चंद्र आणि कारखान्याचा भोंगा, दोघांना विचारून आमची स्पर्धा भरायची.

म्हातारी माणसं या खेळाला हुतूतूच म्हणत. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे हा खेळ करून दाखवला, ही गोष्ट आमच्या शाळेतल्या सरांना पाठ होती. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. गावोगावच्या वेगवेगळ्या रीतींमधून एक नियमबद्ध खेळ उभा करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांत बुवा आघाडीवर. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. भर पावसातला तो दिवस. मैदानावर तेव्हा बेडूक ओरडत असतात, म्हणून आम्ही तो शाळेच्या व्हरांड्यात साजरा करायचो.

माझ्या लहानपणीच इथलं जग पालटत होतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. पाठोपाठ बोईसरच्या आसपासच्या शेतांवर औद्योगिक वसाहत वाढत गेली. नावाने तारापूरची, वसलेली बोईसरला. औषधं, रसायनं, रंग, कापड, पोलाद. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं कामाला आली आणि त्यांच्याबरोबर कबड्डीच्या निराळ्या तऱ्हाही आल्या. आमच्याकडचे गडी घोटा धरण्यात तरबेज, वाट बघून झडप घालणारे. घाटावरून आलेले थेट अंगावर जाऊन मगरमिठी मारणारे. एकाच पाळीत, एकाच उपाहारगृहात जेवताना दोन्हीकडचे एकमेकांना शिकवत.

मला नोकरी लागली ती कबड्डीमुळे. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. कारखान्याच्या एका अधिकाऱ्याने गावच्या स्पर्धेत मला खेळताना पाहिलं आणि बोलावून घेतलं. तेव्हा ती रीतच होती. मुंबईत लालबाग-परळच्या गिरण्यांनी कितीतरी पोरांना खेळावर पोसलं होतं. १९८२च्या संपात त्या गिरण्या थंडावल्या, तरी रेल्वे, बँका, बेस्ट, पोलीस, मुंबई बंदर, तेल कंपन्या यांचे संघ होतेच. राज्यातल्या स्पर्धांत व्यावसायिक गट असा वेगळा गट असे. पगार कामाचा, पण कामावर घेतलेलं खेळासाठी. आजच्या अर्थाने ते व्यावसायिक खेळाडू नव्हते. पण महिन्याच्या महिन्याला घरी पगार येई, भविष्य निर्वाह निधी कापला जाई, आणि चाळिशीत गुडघे गेले तरी नोकरी जात नसे.

कारखान्याच्या संघातले आमचे कप्तान बॉयलरवर होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. डाव्या कोपऱ्यावर खेळायचे. चढाईला आलेल्या गड्याच्या डोळ्यांत कधीच बघायचे नाहीत. "डोळे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही," एवढंच सांगायचे. आमच्यात एक वीजतंत्री होता, दोघे पॅकिंगमधले, एक प्रयोगशाळेतला. पाळी सुटल्यावर कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत सराव. हवेला कायम आम्लाचा वास, आणि दम घुमवायचा तो त्याच हवेत. तरी त्या तासाभराची मी दिवसभर वाट बघायचो.

हंगामातलं मोठं प्रकरण म्हणजे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची स्पर्धा. तिच्यासाठी मुंबईला जायचं. त्या काळी लोकल विरारपर्यंतच. पुढे पालघर-बोईसरकडे शटल आणि लांबच्या पल्ल्याच्या गाड्या. सामना रात्री संपला की शेवटची लोकल धरून विरार गाठायचं आणि उत्तरेकडची गाडी मिळेपर्यंत फलाटावर पथारी पसरायची. सुजलेल्या बोटांना बर्फ मिळत नसे. कुणीतरी मासेवाल्या बायकांच्या पाटीतून मागून आणायचं. पहाटे बोईसरला उतरून थेट पहिल्या पाळीला. डहाणूपर्यंत लोकल आली ती एप्रिल २०१३ मध्ये, तोवर आमच्या पिढीचं खेळणं संपलं होतं. तिकडे १९९०च्या बीजिंग आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचं स्थान मिळालं आणि भारताने सुवर्ण जिंकलं. ती बातमी आम्ही उपाहारगृहातल्या रेडिओवर ऐकली. दादांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलबी दिली.

मग मॅट आली. निळ्या-पिवळ्या चौकोनांच्या जोडपट्ट्या, पायात बूट. मातीवर अनवाणी खेळलेल्या पायांना बुटात पकड सापडायला वेळ लागला. मॅटवर खेळ वेगवान झाला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. जखमाही निराळ्या झाल्या. मातीत कातडी सोलवटायची, मॅटवर सांधा मुरगळतो. पण मॅटने खेळाचं ऋतूशी असलेलं नातं तोडलं, हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त डोममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीग सुरू झाली. बाहेर धो धो पाऊस, आमचं मैदान गुडघाभर पाण्यात, आणि टीव्हीवर कबड्डी! गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना तो चमत्कार वाटला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ ऑगस्टला, ठाण्यातून वेगळा निघून पालघर जिल्हा जन्माला आला. त्या एका आठवड्यात आमच्या खेळाला नवं घर मिळालं आणि आम्हाला नवा पत्ता. आता निवड चाचणीसाठी ठाण्याच्या गर्दीत हरवायचं कारण उरलं नाही. जिल्ह्याचाच संघ राज्य स्पर्धेत उतरू लागला.

लीगने खेळाडूंना जे दिलं त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पहिल्या हंगामाच्या लिलावात राकेश कुमारवर लागलेली १२ लाख ८० हजारांची बोली सर्वांत मोठी होती. २०२२ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाखांची बोली लागली. मातीत खेळणाऱ्या पोराला कुणी एवढे पैसे देईल, हे दादांना सांगितलं असतं तर त्यांनी मला घरी जाऊन झोपायला सांगितलं असतं. पण तिथे जाणारे किती? एका संघात बोटांवर मोजण्याइतकी स्थानिक पोरं. गावचं मैदान आणि लीग यांच्यामधल्या पायरीचं काय, हा माझा खरा प्रश्न आहे. ती पायरी पुन्हा बांधण्याचे प्रयत्न होतात. युवा कबड्डी सिरीजने २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची लीग भरवली. त्यात आमच्या संघाचं नाव होतं पालघर काझीरंगा ऱ्हायनोज. आसामचा गेंडा आमच्या छातीवर कसा आला हा विचार मी केला नाही. मला 'पालघर' हा शब्द दिसला, तेवढा पुरे होता. मोबाइलवर सामने दिसत. गावच्या ओट्यावर पोरं एका फोनभोवती डोकी खुपसून बसत. जे खेळाडू त्यांनी आपल्याच दिव्यांखाली पाहिले त्यांच्याच जोडीचे हे, फक्त कपडे नवे. बघणाऱ्या पोरांच्या पाठी त्या दिवसांत जरा ताठ झाल्या होत्या.

अशी मधली पायरी दुसरीकडे कशी टिकते, ते मला पुतण्याकडून कळलं. तो अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात असतो. काचेच्या कारखान्यांचं आणि जीप गाड्यांचं शहर. तिथे बर्फावरच्या हॉकीचा संघ आहे, टोलेडो वॉलाय. मोठ्या राष्ट्रीय लीगच्या दोन पायऱ्या खालच्या लीगमध्ये तो खेळतो. ऑक्टोबर ते एप्रिल, ७२ सामने, बसने गावोगाव प्रवास. वॉलाय हा तिथल्या ईरी सरोवरातला आणि मॉमी नदीतला मासा. कारखान्यांच्या गावाने आपल्या संघाला आपल्या माशाचं नाव दिलं, हे ऐकून मी किती वेळ फोनवर बोलत राहिलो! पुतण्या सांगतो, वर जाण्याची आशा धरून खेळणारी पंचवीस वर्षांची मुलं, तुटपुंजा पगार, आणि तरीही स्टेडियम भरलेलं. आजी-आजोबा, नातवंडं, पाळी संपवून आलेले कामगार. ही मुलं एक दिवस मोठ्या लीगमध्ये, डेट्रॉइटला खेळतील म्हणून लोक येत नाहीत. आज आपल्या गावासाठी खेळतात म्हणून येतात. मी त्याला म्हटलं, बाबा, हे तर आपलं भांगातलं मैदान झालं.

आता मी गुणपत्रिका लिहितो. टेबलावर बसलं की सामना निराळा दिसतो. चढाईला ३० सेकंद. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस. तीन किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकड केली तर अव्वल पकडीचा जादा गुण. सगळा संघ बाद झाला की लोणाचे दोन. हँगझूच्या आशियाई खेळांत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, भारत-इराण अंतिम सामना राखीव क्षेत्राच्या एका नियमावरून तासभर अडला होता. त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाने मला पंच समजून फोन केले. त्याच दिवशी महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवलं, आणि भारताच्या पदकांचं शतक पुरं झालं. त्या संघात महाराष्ट्राच्या स्नेहल शिंदे आणि सोनाली शिंगटे होत्या. आमच्याकडच्या मुली आता संध्याकाळी मैदानावर येतात. त्यांचं मैदान १२ बाय ८चं, म्हणून मोठ्या चौकोनात दुसऱ्या रेघा आखतो. त्यांच्या आया कधी काळी सामना बघायलाही मागे उभ्या राहायच्या. त्या आज पुढे बसून ओरडतात.

ज्या कारखान्याने मला खेळावर घेतलं, तिथे आता संघ नाही. वसाहतीत अशी गोष्ट बऱ्याच ठिकाणची. कायमची भरती आटली, कामं कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटी पोराला सामन्याला सुट्टी मागता येत नाही. मागितली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. गेल्या हंगामात आमचा सर्वांत चांगला चढाईपटू उपांत्य सामन्याच्या मध्यंतरात पाळीसाठी निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. सगळ्यांना कारण ठाऊक होतं. वय बावीस, चपळाई अशी की पाय मातीला लागलेले दिसत नाहीत, आणि त्याचा पगार दिवसावर मोजला जातो. अशा मुलाला लीगच्या लिलावाची वाट बघायला सांगणं हा अन्याय आहे. त्याला नोकरी हवी, आणि नोकरीबरोबर सरावाचा एक तास.

म्हणून तारापूरच्या वसाहतीत कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं मागणं आहे. तुमच्या सामाजिक निधीतून आम्हाला मॅट देऊ नका, टी-शर्ट देऊ नका. या जिल्ह्यातले दोन खेळाडू, जमल्यास एक मुलगा आणि एक मुलगी, कायमच्या नोकरीवर घ्या आणि हंगामात त्यांना पहिली पाळी द्या. माती आम्ही चाळून ठेवू.