टाकी भरली, पण...

'बेट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नारळाची झाडं येत असतील. माझ्या डोळ्यांसमोर येतं ऑगस्ट २०२० च्या अखेरचं, भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव. वैनगंगेचा पूर अंगणात, विहिरीत गढूळ पाणी, हातपंप बुडालेला. चहूकडे पाणीच पाणी आणि आजी प्यायला तांब्याने मोजून देतेय! तेव्हा मी दहावीत होतो.

सिव्हिलला आल्यावर सेमिनारसाठी बर्म्युडा बेटाची माहिती काढली. तिथे नदी नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही. म्हणून घरांची छपरं पांढरी केलेली, छपराचं पाणी घराखालच्या टाकीत, आणि हे सगळं कायद्याने. दर दोन-तीन वर्षांनी छप्पर रंगवायचं, सहा वर्षांतून एकदा तरी टाकी साफ करायची.

झालं, मला चेव आला! मागच्या उन्हाळ्यात घराच्या टिनाला पन्हाळी लावली, हजार लिटरची टाकी बसवली. छप्पर ४० चौरस मीटर, पाऊस वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर, वीस टक्के वाया गेला तरी ४१ हजार लिटर. हा आकडा बाबांना इतक्यांदा ऐकवला की ते मला 'एक्केचाळीस हजार' म्हणूनच हाक मारू लागले.

पोळ्याला घरी गेलो तर आजी म्हणे, "बापा, पाण्याचा वास येऊन रायला." छपरावरची धूळ, कबुतरांची घाण थेट टाकीत गेली होती. पहिलं पाणी बाजूला काढायची सोय मी केलीच नव्हती. (सेमिनारच्या स्लाइडवर मात्र होती!) आजीला चार दिवस जुलाब झाले होते. मला फोनवर कुणी सांगितलं नाही, पोराचा हिरमोड होईल म्हणून.

टाकी उपसून घासली. पहिला मिलिमीटरभर पाऊस सोडायचा, म्हणजे आमच्या छपराचे ४० लिटर. चार इंची पाइपात मीटरला आठच लिटर मावतात, म्हणून एक जुना ड्रम आधी जोडला. तो भरला की मगच पुढचं पाणी टाकीत.

तरी नोव्हेंबरअखेर टाकी कोरडी! माप पावसावरून नाही, कोरड्या दिवसांवरून काढायचं असतं. पाच माणसं, पिण्या-रांधण्याला रोज २५ लिटर, ऑक्टोबर ते जून २४० दिवस, म्हणजे ६००० लिटर. माझी टाकी चाळीस दिवसांची. (तलावांच्या जिल्ह्यातल्या पोराची ही अक्कल!)

नियम आपल्याकडेही आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला ही सोय सक्तीची आहे. आमचं घर त्यात बसत नाही. माझी चूक तपासायला कोणी येणार नव्हतं. ती आजीच्या पोटाने तपासली.

आता बाबा आणखी पाच हजारांची सिमेंटची टाकी बांधायला तयार झालेत. आजीची अट एकच : टाकी कधी धुतली ती तारीख भिंतीवर कोळशाने लिहायची, आणि मी होस्टेलवर असलो की फोन करून विचारायची. पहिली तारीख तिनेच माझ्याकडून लिहून घेतली.