दोन वाट्या, पण शिगेच्या

आईच्या वहीत नानखटाई दीड ओळीत आहे : मैदा २ वाट्या, पिठीसाखर १ वाटी, तूप १ वाटी, सोडा चिमूटभर, वर मावेल तेवढा मैदा. हिंडलग्याच्या घरात एवढं पुरायचं, कारण वाटी एकच आणि करणारीही एकच. आता आईचा खांदा आखडलाय, तूप फेसणं तिला होत नाही. आणि न्यू जर्सीत ताईनं दिवाळीला केलेली नानखटाई ट्रेभर पसरून एकच भाकरी झाली.

"तिकडचा कप मोठा असतो," असं सगळ्यांचं मत पडलं. मला ते पटेना. अमेरिकन कप साधारण २३७ मिलीलीटरचा, आमची वाटी १५० ची. (वाटी काट्यावर ठेवून पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिलीलीटर.) पण सगळं एकाच भांड्यानं घेतलं तर प्रमाण तेच राहतं, फार तर चार नानखटाया जास्त होतील. 'रुचिरा' १९७० साली आलं तेही वाटी-चमच्याची मापं घेऊनच, आणि त्यावर घरंच्या घरं स्वयंपाक शिकली.

फरक शिगेत होता. ताईनं मैदा चाळून, अलगद भरून, वरून सुरी फिरवली. सपाट मापाची ही शिस्त अमेरिकेत फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पुस्तकानं रुजवली. असा मैदा आमच्या वाटीत ७५ ग्रॅमच्या आसपास बसतो. आई वाटी डब्यात खुपसते आणि शिगोशीग वर काढते : शंभराच्या वर. पातळ तुपाला मात्र शीग नसते. १५० मिलीलीटर म्हणजे सुमारे १३६ ग्रॅम, कुणीही भरा. म्हणजे ताईचं तूप पुरेपूर आणि मैदा पाऊण. पसरणार नाही तर काय!

ही भानगड जुनीच. पूर्वी मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. मापी चार शेरांची पायली, पण भाताची पायली आणि ज्वारीची पायली काट्यावर सारखी उतरत नाही. १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. स्वयंपाकघरात वाटी राहिली ती राहिलीच.

मी वजनकाटा आणला तेव्हा आई म्हणाली, "सोनारासारखं काय तोलतोस रे?" तिला काट्याकडे बघत मैदा घ्यायला लावलं असतं तर हात आखडला असता. म्हणून मैद्याचा डबाच काट्यावर ठेवला. तिनं नेहमीसारखा घ्यायचा, डब्यातून कमी झालेले ग्रॅम मी लिहायचे. फेसायचं काम माझ्याकडे. तीन रविवारी तिच्या दोन वाट्या भरल्या २०८, २१६ आणि २११ ग्रॅम. इतका नेमका हात मी ऑफिसात कुणाचा पाहिला नाही.

'मावेल तेवढा' मात्र १९ पासून ४४ पर्यंत गेला. घरचं तूप, विकतचं तूप, त्या दिवशीचा उकाडा, सगळं त्यात येतं. थांबायचं कधी, विचारलं तर म्हणाली, "गोळा दाबला की कडेला बारीक भेगा पडतात. त्या दिसल्या की बास." एक्सेलमध्ये त्या रकान्यात आकडा घातला नाही, हे वाक्यच लिहिलं. सोडाही चमच्यानंच ठेवला : पाव छोटा चमचा, सपाट. तो जेमतेम ग्रॅमभर भरतो आणि एकेक ग्रॅम मोजणाऱ्या काट्याला तो नीट कळत नाही.

ताईचा पुढचा घाणा ग्रॅमवर झाला. पसरला नाही. आईनं फोटो बोटांनी मोठा करून कडा बघितल्या आणि म्हणाली, "अजून चमचाभर मैदा चालला असता."