आधी आवाज, मग हात

पॉलिश कॅप माणसाळते! अगदी हाक मारली की धावत येऊन मांडीवर चढण्याइतकी माणसाळते, आणि त्याची युक्ती इतकी साधी आहे की कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटतंय. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ही जात वेडी, बिथरते, हाताला लागत नाही, नुसती शोभेची. जात वेडी नाही हो! तिला दिसत नाही, एवढंच आहे.

धाकट्या दिरानं पुण्याहून ही पिल्लं आणली तेव्हा अख्खी आळी बघायला आली होती. आमच्या पाटोद्याकडं कोंबडी म्हणजे गावरान, नाहीतर गिरीराज, वनराज. फार हौस असेल तर कडकनाथ. गावरानातही एखादी शेंडीवाली निघते, पण तिची शेंडी म्हणजे डोक्यामागं वळलेली चार पिसं. आणि हे पिल्लू! एका दिवसाचं, आणि टाळूवर कापसाचं बोंड फुटल्यासारखा गोंडा! वाढत जाईल तशी त्या गोंड्यातली पिसं लांबतात आणि चारही बाजूंनी खाली उतरतात. तलंगेचा गोंडा गोल आणि भरगच्च. कोंबड्याची पिसं टोकदार, विस्कटलेली, मागं लोंबणारी. त्यावरूनच नर-मादी ओळखू येते. आणि गोंड्याच्या पुढं, जिथं एरवी लाल तुरा असतो, तिथं इंग्रजी ‘व्ही’सारखी दोन चिमुकली शिंगं. मी तर तासन् तास बघत बसायची. सतराव्या शतकातल्या हॉंडेकुटर नावाच्या डच चित्रकारानं आपल्या चित्रांमधून असल्या गोंडेवाल्या कोंबड्या रंगवल्या आहेत. का रंगवाव्याशा वाटल्या असतील, ते बघताक्षणी कळतं.

पण शेंडी वाढली तशी पिल्लं बुजायला लागली. दारात पाऊल वाजलं की खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढायची, धडपडायची, भिंतीला धडकायची. बरोबरची गावरान पिल्लं मात्र जागची हलत नव्हती. खुराडं तेच, दाणा तोच, माणूसही तोच. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “आगं, वरून हात न्हेतीस. घार वाटती तिला. खाली बस की जरा!”

त्या एका वाक्यानं सगळं उलगडलं. मी एकीला अलगद मांडीवर घेतलं आणि शेंडी बोटानं वर उचलली. खाली लख्ख तांबूस डोळा, टक लावून माझ्याकडं बघणारा! शेंडी सोडली, डोळा गडप. पुढचं आणि पायाखालचं तेवढं तिला दिसतं. वरचं आणि मागचं जवळपास काहीच नाही. आता कोंबडीच्या जातीला आभाळ न दिसणं म्हणजे काय, याचा विचार करा. एरवी दाणे टिपता टिपता ती मान वाकडी करून एका डोळ्यानं वर बघून घेते. कोंबड्यांच्या धोक्याच्या हाकासुद्धा दोन तऱ्हेच्या असतात, आभाळातल्या शत्रूसाठी एक आणि मांजर-मुंगसासारख्या जमिनीवरच्यासाठी दुसरी. घारीची हाक उठली की गावरान पिल्लं नेमकी बाभळीखाली शिरतात. पॉलिश कॅपला हाक ऐकू येते, पण धोका कुठून येतोय ते कळत नाही. मग अचानक अंगावर आलेला प्रत्येक हात तिच्या लेखी घारच की!

म्हणजे डोळ्याचा रस्ता बंद आहे, पण कानाचा सताड उघडा आहे. आणि कान कोंबडीच्या आयुष्यात डोळ्याच्या आधी येतो! पिल्लू अंड्यात असतानाच, कवच फुटायच्या आधी, चिवचिवायला लागतं आणि बसलेल्या कोंबडीचा आवाज ऐकतं. आईला बघायच्या आधी त्यानं तिला ऐकलेलं असतं.

तेव्हापासून खुराड्याकडं जाताना मी फाटकापासूनच ‘ती ती ती’ म्हणत जाते. रोज तीच हाक, तोच सूर. आत गेले की गोणपाट टाकून भुईवर बसायचं, घाई करायची नाही. हात समोरून, जमिनीला टेकलेला, तळवा वर. वरून किंवा मागून कधीच नाही. आणि तळव्यावर वाळवी! ही आपल्याकडची जुनीच रीत आहे: मडक्यात ओलसर शेण, काडीकचरा, गोणपाटाचा तुकडा भरायचा, संध्याकाळी वाळवी असेल तिथं पालथं घालायचं आणि सकाळी उचलायचं. कणी, बाजरीचा भरडा, मका सगळं ठीक आहे, पण वाळवी दिसली की पिल्लांना दुसरं काही सुचत नाही. गावरान पिल्लं आधी तुटून पडतात. त्यांच्या चोचींची टकटक ऐकून पॉलिश कॅप थबकते, मान खाली घालते, शेंडीच्या झालरीखालून बघते आणि एक पाऊल पुढं टाकते. माझ्या बोटाच्या पेरावर तिनं पहिल्यांदा चोच मारली तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, पण श्वास रोखून बसले!

दिवेलागणीनंतरची वेळ तर सोन्यासारखी. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती बसल्या जागी शांत असते. तेव्हा बोलत बोलत छातीखालून हात घालून उचलायचं, मांडीवर घ्यायचं, मानेखाली बोट फिरवायचं आणि परत ठेवायचं. एक धीट झाली की बाकीच्या तिच्यामागं येतात. डोक्यावर मात्र थोपटायचं नाही. या जातीची कवटी शेंडीखाली घुमटासारखी फुगलेली असते आणि तिथलं हाड सलग नसतं. डार्विननं या कवट्या मुद्दाम तपासल्या होत्या, १८६८ साली आलेल्या पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात त्यांचं वर्णन आहे. म्हणून मोठ्या गावरान कोंबड्यांमध्ये ही पिल्लं मोकळी सोडायची नाहीत, एखादी चोच वर्मी बसायची. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं हवं, म्हणजे शेंडी भिजत नाही आणि डोळे चिकटत नाहीत. मानमोडीची लस बाकीच्या पिल्लांसारखीच पहिल्या आठवड्यात.

मग वाचायला लागले आणि हातात पडले डग्लस स्पाल्डिंग! १८७३ साली या इंग्रज निसर्गअभ्यासकानं आपले प्रयोग छापले. अंड्यातून बाहेर येतानाच, डोळे उघडायच्या आत, त्यानं पिल्लांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या. एक-दोन दिवसांनी ज्यांच्या टोप्या काढल्या ती त्याच्यामागं धावली. ज्यांच्या टोप्या चार दिवसांच्या आसपास काढल्या ती त्याला बघून जीव खाऊन पळाली! मी ते दोनदा वाचलं. स्पाल्डिंगनं टोपी हातानं घातली होती, माझ्या पिल्लांच्या डोक्यावर ती आपोआप उगवते. म्हणजे पहिले दिवस लाखमोलाचे! शेंडी डोळ्यांवर यायच्या आत तुमचा आवाज आणि तुमचा तळवा त्यांच्या ओळखीचा झाला पाहिजे.

आमच्याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोर आणि कोंबडी एकाच कुळातले, दोघांच्या डोक्यावर शोभा. पण मोराचा तुरा बारीक देठांवर उभा, डोळे मोकळे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असं दिसलं की मोर पिसारा ज्या वेगानं थरथरवतो, जवळपास त्याच वेगाला तुऱ्याची पिसं थरथरतात. म्हणजे तो तुरा कदाचित समोरच्या पक्ष्याच्या पिसाऱ्याची थरथर टिपतही असेल! मोराचा तुरा रानात घडला. पॉलिश कॅपची शेंडी माणसानं हौसेनं पिढ्यान् पिढ्या निवडत वाढवली, ती तिच्या डोळ्यांवर आली. त्यामुळं तिला वाट दाखवणं हे माझ्या मते पाळणाऱ्याचं कामच आहे.

आता मी फाटकातून हाक दिली की खुराड्यात आधी कुजबूज होते आणि मग शेंड्या हलवत सगळ्या दाराशी! सगळ्यात बुजरी होती तीच आता मांडीवर आधी चढते, आणि तिला खाली उतरवावं लागतं.

तुमच्याकडं पॉलिश कॅप असेल तर ‘बिथरते’ म्हणून तिला विकू नका. पिल्लं लहान असतील तर आजपासूनच बोलायला लागा. मोठी असतील तर डोळ्यांवरची पिसं मऊ सुती दोऱ्यानं सैल बांधा किंवा पुढची तेवढी कात्रीनं छाटा, फरक लगेच दिसतो. फक्त नव्यानं फुटणाऱ्या पिसाचं मूळ निळसर असेल तर ते कापू नका. त्यात रक्त असतं.