स्की न येणाऱ्यांची सहल

"सोमवारी वर्गात सगळे स्कीइंगचंच बोलतात. मी काय सांगू, बाबा?" लेकीच्या प्रश्नावर मी गप्पच. आमच्या खिशाला ते परवडत नाही, हे आठ वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं?

मग शनिवारी बायर्न-तिकीट काढलं, मेथीचे पराठे बांधून घेतले आणि म्युनिकहून दीडेक तासात गार्मिश-पार्टेनकिर्शेनला उतरलो. खांद्यावर स्की घेतलेली मंडळी डोंगराकडे वळली (मी उगाचच नजर चुकवली!). आम्ही १९३६च्या ऑलिम्पिकच्या स्टेडियमवरून चालत पार्टनाखक्लामला. सुमारे ७०० मीटर लांब घळ, ८० मीटरपर्यंत उंच कडे, खाली खळाळती नदी. कड्यांतून झिरपणारं पाणी गोठून माणसाहून उंच सुळके लटकलेले. वाट अगदी अरुंद, मध्येमध्ये बोगदे. साताऱ्याहून आलेली आई नातीचा हात घट्ट धरून चालत होती. एका वळणावर थबकली. "अगं बया, ठोसेघर गोठलं की गं!"

लेक खो खो हसत सुटली. पराठे गारढोण झाले होते, तरी सगळे संपले.

सोमवारी शाळेत काय झालं, मी विचारलं नाही. रात्री तीच म्हणाली, "आजी जायच्या आधी परत जाऊया ना?"