कागदावरची चकली

थरथरणाऱ्या हाताविषयी आपल्याकडे मते फार लवकर बनतात. तरुणाचा हात कापला की तो भित्रा ठरतो; चाळिशीतल्या गृहस्थाचा कापला की लोक एकमेकांना कोपराने ढोसतात; आणि म्हाताऱ्याचा कापला की ‘चालायचेच, वय झाले’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. तो हात नेमका केव्हा कापतो, हे पाहण्याची तसदी कुणी घेत नाही.

आमच्या आत्याच्या घरी असे दोन हात होते. एक तिच्या दिरांचा, अप्पांचा. त्यांना कंपवात होता नि त्यांची औषधेही चालू होती. दुसरा खुद्द आत्याचा. तिने चहा उचलला की कपबशी वाजू लागे. पुढे पुढे तिने हळदीकुंकवाला जाणेच सोडले. कारण विचारले तर म्हणे, “गुडघे दुखतात रे.” खरे कारण निराळे होते. अप्पांकडे पाहता पाहता ती स्वतःचे उद्याचे दिवस पाहत होती, आणि कुणापाशी बोलत नव्हती.

शेवटी तिच्या सुनेने दोघांनाही पुण्याच्या डॉक्टरांकडे नेले. मी सोबतीला होतो. डॉक्टरांनी आधी औषधांची पिशवीच टेबलावर रिकामी करायला लावली. चक्कर, मळमळ यांवरच्या काही गोळ्या फार दिवस घेतल्या तरी हात कापू लागतात. थायरॉइड बिघडला तरी कापतात. मग त्यांनी दोघांना मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसवले. आत्याचा हात अगदी निश्चल! अप्पांचा अंगठा मात्र तपकिरीची चिमूट चोळावी तसा तर्जनीवर फिरत होता. (शेजारच्या एक आजी त्याला नामस्मरण समजून त्यांना नमस्कार करीत.) पाण्याचा पेला उचलायला सांगताच सारे उलटे झाले. अप्पांचा हात शांत, आणि आत्याच्या पेल्यातले पाणी तिच्या पदरावर.

“आता यावर एक चकली काढा,” कागद पुढे सारीत डॉक्टर म्हणाले.

आत्याची चकली चांगली ऐसपैस उतरली, पण कडेने काटेच काटे. “काटे आले म्हणजे भाजणी जमली,” ती म्हणाली. अप्पांची चकली इवलीशी, वेटोळी एकमेकांना बिलगलेली. त्यांचे अक्षरही असेच झाले होते. एके काळी चार ओळींत त्यांचे पोस्टकार्ड भरे. अलीकडे ओळ सुरू होई ज्वारीएवढ्या अक्षराने आणि संपे खसखशीएवढ्या.

कंपवाताचे वर्णन जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने 1817 साली एका छोट्या पुस्तकात केले. सहाच रोगी, आणि त्यांतले काही तर त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले! पाहणे म्हणतात ते असे. कारण थरथर हे त्या रोगाचे एकच अंग. गुंड्या लावायला वेळ लागतो, चालताना एक हात हलत नाही, वासही जातो. अप्पांना उटण्याचा वास येईनासा होऊन कैक वर्षे लोटली होती. मेंदूतले डोपामीन कमी पडते, ते लेव्होडोपाच्या गोळीने भरून काढायचे. रोग हटत नाही, पण हालचाल सुटी होते. अप्पा ती गोळी दुधाबरोबर घेत. दूध-डाळींतली प्रथिने तिची वाट अडवतात, म्हणून ती जेवणाआधी घ्यायची ठरली. खाजकुइलीच्या बियांतही हेच लेव्होडोपा असते. तेव्हा कुणी तिचे चूर्ण घेत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायलाच हवे.

आत्याचा कंप वेगळा. त्याला ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. काम करतानाच तो उठतो आणि पुष्कळदा घराण्यातून येतो. पळीने संध्येचे पाणी घेताना माझ्या आजोबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, हातही असाच कापे. दमा नाही ना, हे विचारून डॉक्टरांनी तिला प्रोप्रॅनोलॉलची छोटी मात्रा दिली. “पुरता थांबणार नाही, आजी. पण कपबशी कमी वाजेल.”

आत्याला गोळीचे काहीच नव्हते. तिने खालच्या आवाजात विचारले, “म्हणजे, हे भाऊजींचे नव्हे?”

“नव्हे. हा आजार वेगळा.”

त्या संक्रांतीला ती शेजारी हळदीकुंकवाला गेली. उजव्या मनगटाला डाव्या हाताचा आधार देऊन तिने कुंकू लावले. एकीच्या भुवईला थोडे लागले, तेव्हा दोघीही हसल्या म्हणे.