किल्ल्यावरचे घोडेस्वार

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी मागें टाकून मोशीपाशीं इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणच्या माळावर चढतो. दुतर्फा पत्र्याचीं छपरें, उंच कुंपणें आणि मालमोटारींच्या न संपणाऱ्या रांगा. पिंपरीस प्रतिजैविक औषधांचा सरकारी कारखाना १९५४ सालीं उभा राहिला. १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पवनाकांठचीं शेतें हळूहळू यंत्रांच्या स्वाधीन झालीं. गेल्या पंचवीस वर्षांत हा पसारा चाकणपर्यंत जाऊन पोंचला आहे. मोरया गोसावींचें चिंचवड आणि चापेकर बंधूंचें चिंचवड याच गर्दींत कोठें तरी आहे, पण तें शोधावें लागतें.

या प्रदेशाविषयीं लिहावयाचें तर लोक उत्पादनाचे आंकडे सांगतात. मला मात्र येथली दिवाळी सांगावयाची आहे. त्यांतही फराळ आणि रोषणाई सोडून मुलांचे किल्ले. सहामाही परीक्षा आटोपली, कीं निगडीपासून मोशीपर्यंत प्रत्येक वसाहतीच्या आवारांत दगड, विटा, गोणपाट आणि लाल माती यांचे ढीग दिसूं लागतात. गोणपाटावर चिखल थापला जातो, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरली जाते, आणि चार दिवसांत डोंगराला हिरवळ फुटते. ज्यांचे वडील दिवसभर दहा हजारांतल्या एका सुट्या भागाला आकार देतात, तीं मुलें संध्याकाळीं आख्खा रायगड उभा करतात! वसाहतींतून किल्ल्यांच्या स्पर्धाही होतात, आणि परीक्षक आले म्हणजे बुरुजांपेक्षां मुलांचेच श्वास अधिक ताठ असतात.

किल्ला मुलें स्वतः रचतात, पण किल्ल्यावरची वस्ती बाजारांतून येते. चिंचवडच्या बाजारांत दिवाळीच्या आधीं आठ दिवस हीं चित्रें मांडलेलीं असतात. सिंहासनावर बसलेले महाराज, भालाईत मावळे, तुतारी वाजविणारा, तोफ डागणारा. शिवाय वासुदेव, गवळण, गारुडी आणि एक वाघ, जो बहुधा किल्ल्याच्या निम्म्या उंचीचा असतो. पूर्वीं हीं सर्व मातीचीं असत; आतां प्लास्टरचीं अधिक दिसतात. यांत एक गोष्ट माझ्या लक्षांत धाकट्या पुतण्यानें आणून दिली. ज्या सैन्याचा अर्धा पराक्रम घोड्याच्या पाठीवर झाला, त्या सैन्यांत घोडेस्वार एकच, आणि ते स्वतः महाराज. बाकी सारें पायदळ.

पुतण्या यंदा नववींत आहे. त्याला करावयाची होती नेसरीची खिंड. १६७३ त उमराणीस बहलोलखान हातीं सांपडला असतां सरनौबत प्रतापराव गुजरांनीं त्याला सोडून दिलें, महाराज रागावले, आणि १६७४ च्या फेब्रुवारींत, राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नसतांना, प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशीं खानाच्या फौजेवर तुटून पडले व सातही जण कामास आले. हा प्रसंग शहाणपणाचा होता कीं नव्हता यावर मोठ्यांनीं वाद घालावा. चवदा वर्षांच्या मुलाला त्यांतले सात घोडे दिसतात, आणि तें योग्यच आहे. पण सात घोडेस्वार आणावे कोठून?

सोपा उपाय त्यानें स्वतःच काढला होता. महाराजांचीं अश्वारूढ चित्रें सात विकत घ्यावयाचीं, जिरेटोप घांसून काढून त्या जागीं मुंडासें चढवावयाचें, दाढ्या कमीजास्त करावयाच्या, कीं झाले सात शिलेदार. हा बेत जेवतांना उघड झाला आणि आमच्या मातोश्रींनीं पानावरचा हात थांबविला.

"महाराजांच्या मूर्तीला करवत लावणार तूं?"

"अगं आजी, मान नाहीं कापायची. टोप तेवढा बदलायचा."

"पाडव्याला ज्यांना हळदकुंकू वाहतों, त्यांचा टोप घांसायचा? तुझ्या आजोबांनीं पाहिलें असतें म्हणजे!"

माझे बंधू यंत्रांत वाढलेले; त्यांनीं सांगून पाहिलें कीं प्लास्टरला मूर्तिपण आपण देतों, साचा देत नाहीं. मातोश्रींचें म्हणणें होतें कीं देणारे आपणच असूं, तर काढून घेण्याआधीं आपणच विचार करावयास हवा. या उत्तरापुढें बंधूंचें यंत्रशास्त्र चाललें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही मत मातोश्रींच्या बाजूनें पडलें. विक्रेत्याकडे बिनस्वाराचा घोडा मिळतो का म्हणून विचारलें, तर तो म्हणाला, साचा एकच, घोडा आणि महाराज एकत्रच निघतात; वेगळे कसे देऊं?

तेव्हां घोडे आले खेळण्यांच्या दुकानांतून, प्लास्टिकचे. त्यांच्या पाठीवर परदेशी गुराख्यांचें उंच शिंगाचें खोगीर, आणि पाय असे लांब कीं शर्यतीच्या मैदानावरून थेट आलेले. येथें पुतण्यानें जी चिकाटी दाखविली ती नमूद करण्याजोगी आहे. मराठी फौजेचें जनावर असें नव्हतें. भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत वाढलेलें भीमथडी तट्टू हें ठेंगणें, काटक, थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारें आणि चढउताराला पक्कें. ती भीमा चाकण ज्या खेड तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांतून वाहते. म्हणजे हें तट्टू येथलें घरचेंच. या घोड्यांना अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता मिळाली आहे. मुलानें प्रत्येक घोड्याचे चारी पाय गुडघ्याच्या वर कापले, मधला तुकडा काढून टाकला, आंत तापविलेल्या सुईनें भोंक पाडून तारेचा तुकडा बसविला आणि पाय पुन्हा जोडले. सात घोड्यांचे अठ्ठावीस पाय! दोन संध्याकाळी त्यांतच गेल्या.

मला येथें कुंभाराची आठवण झाली. मातीचा घोडा आखूड, जाड पायांचा असतो, कित्येकदां पोटाखालीं आधाराचा खांबही असतो. आपण त्याला ओबडधोबड म्हणतों. पण त्याला कारण आहे. माती वाळतांना आकसते. आंत तार घातली तर तार आकसत नाहीं, आणि वरची माती तडकते. म्हणून कुंभाराला पाय जाडच ठेवावे लागतात. प्लास्टर जवळजवळ आकसत नाहीं, त्यांत तार निमूट राहते, म्हणून प्लास्टरचा घोडा पुढचे दोन पाय उचलून ऐटींत उभा राहूं शकतो. गंमत अशी कीं मातीच्या अडचणींतून निघालेला तो बुटका घोडा भीमथडी तट्टाला प्लास्टरच्या ऐटबाज घोड्यापेक्षां अधिक जवळचा आहे. प्लास्टर आल्यावर किल्ल्यावरचे घोडे देखणे झाले खरे, पण ते आपले राहिले नाहींत.

स्वार तयार करणें याहून कठीण. बाजारांतला मावळा पाय जुळवून उभा असतो. त्याला घोड्यावर बसवावें कसें? त्याला कमरेंत कापावें लागतें. आधीं पात्यानें सभोंवार रेघ ओढून, मग लोखंड कापण्याच्या करवतीच्या पात्यानें हलक्या हातानें. घाई केली कीं प्लास्टर छातींतून फुटतें. तीन मावळे तसे गेले. उरलेल्या धडांखालीं तारेच्या मांड्या वळवून घोड्याच्या पाठीवर बेतल्या, आणि त्यांवर एम-सील चढविलें. पाण्याच्या नळाची गळती थांबविण्याचें हें लुकण प्रत्येक घरांत असतें. दोन रंगांचे गोळे एकत्र मळले कीं थोडा वेळ कणकेसारखें वळतें आणि कांहीं तासांनीं दगड होतें. त्या थोड्या वेळांत चोळण्याच्या चुण्या टोकदार काडीनें पाडावयाच्या. त्याच लुकणाची पातळ पोळी लाटून गुराख्याच्या खोगिराचें शिंग झांकलें, आणि तंग, दुमची, रिकिबी यांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतली फीत व बारीक तार आली. भाल्यांसाठीं केरसुणीच्या काड्या. तलवारी मात्र नीट जमल्या नाहींत. त्या पत्र्याच्या डब्यांतून कापल्या होत्या आणि तशाच दिसत होत्या.

रंगाचें काम शेजारच्या बिऱ्हाडांतल्या गृहस्थांमुळें चांगलें झालें. ते चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यांत रंगखात्यांत आहेत. मुलगा नव्या रंगाचा थर एकदम जाड देऊं लागला तेव्हां ते म्हणाले, "गाडीला आम्ही रंग एकदम फासत नाहीं रे. आधीं पत्रा धुवायचा, मग अस्तर, मग रंग, वर चकाकी. आणि प्रत्येक थर पातळ." खेळण्यालाही नियम तोच. साबणानें धुऊन तेलकटपणा काढला, करडें अस्तर दिलें, मग रंग. त्यावर काळसर तपकिरी रंगाचें अगदीं पातळ पाणी सोडलें, तें चुण्यांत आणि आयाळींत जाऊन बसलें. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें फिका रंग नुसता उंचवट्यांवरून फिरविला. अंगठ्याएवढ्या चेहऱ्यावर नाकाची सावली उमटली तेव्हां मातोश्रीही चष्मा लावून पाहावयास आल्या. एक घोडा पंचकल्याणी, एक अबलख, दोन कुमैत, बाकीचे काळे-तांबडे. डोळे शेवटीं, शून्य नंबरच्या कुंचल्यानें, श्वास रोखून.

पाश्चात्य देशांत हा मोठ्यांचा छंद आहे. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीनें १८९३ त पोकळ शिशाचे शिपाई काढले, कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनीं अशा शिपायांच्या लढाईचे नियम १९१३ त पुस्तकरूपानें छापले. १९७५ त लंडनांत निघालेली गेम्स वर्कशॉप ही कंपनी तर काल्पनिक राज्यांतले सरदार, शिरस्त्राणावर पक्षी नाहीं तर सर्प मिरविणारे अश्वारूढ शिलेदार, सुट्या भागांत विकते. घोडा दोन अर्ध्या फांकींत, स्वाराचीं धडें, हात व मस्तकें निराळीं. सर्व भाग प्लास्टिकच्या चौकटीला देंठांनीं जोडलेले. ही चौकट भोसरींतल्या साचेकाराला दाखवा, तो तिला लगेच 'रनर' म्हणेल. रोजचाच त्याचा धंदा आहे. तेथला हौशी मनुष्य एकाचें मस्तक दुसऱ्याला लावतो, घोड्याला पंख देतो, आणि त्याला विचारणारें कोणी नाहीं, कारण तें राज्य कधीं नव्हतेंच. या मोकळेपणाचा मला हेवा वाटतो. आमच्या स्वाराला मात्र इतिहास विचारतो, आणि घरांत आजीही. पण त्याच अडवणुकीमुळें एका खोगिरासाठीं मुलानें सभासदांची बखर उघडली, हेंही खरें. तींत त्याला सांपडलें कीं पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांचा एक जुमला, आणि पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांच्यावांचून घोडदळ चालत नाहीं, हें कोणत्याही बाजारांतल्या चित्रांत नाहीं.

भाऊबीज आटोपल्यावर आम्ही चाकणला संग्रामदुर्ग पाहावयास गेलों. १६६० च्या पावसाळ्यांत शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यांनीं हा भुईकोट सुमारें ५६ दिवस लढविला. शेवटीं मोगलांनीं भुयार खणून एका बुरुजाखालीं सुरुंग उडविला, तेव्हां कोट पडला. खानानें फिरंगोजींना चाकरी देऊं केली, ती त्यांनीं घेतली नाहीं. आज तेथें कांहीं बुरुज, तटाचे भाग आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत, व भोंवतीं गांव अगदीं अंगाशीं येऊन बसलें आहे. चाकणचीं मुलें प्रतापगड करतात, रायगड करतात. संग्रामदुर्ग करणारा मला कोणी भेटला नाहीं. डोंगर नाहीं, म्हणून शोभा नाहीं, असें त्यांचें म्हणणें. पण ज्या कोटाला डोंगराचा आधार नव्हता त्यानें ५६ दिवस काढले, यांतच सर्व आलें. आणि दिवाळीच्या किल्ल्याला भुईकोटासारखा सोपा आराखडा दुसरा नाहीं. ही सूचना मीं पुतण्यास केली. त्यानें ती पुढील वर्षासाठीं राखून ठेवली आहे.

स्पर्धेंत त्यांच्या नेसरीला बक्षीस मिळालें नाहीं. विटांच्या दोन रांगांमधून सात घोडे दौडत होते आणि समोर शत्रू म्हणून कोणीच नव्हतें. परीक्षकांनीं विचारलें कीं किल्ला कोठें आहे आणि महाराज कोठें आहेत. मुलानें सांगितलें कीं महाराज तेथें नव्हते. उत्तर बिनचूक होतें, गुण मात्र कमी पडले.

तुळशीच्या लग्नानंतर विटा आपल्या जागीं गेल्या, माती कुंड्यांत गेली. सात स्वार जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून बुटांच्या खोक्यांत ठेवले आहेत. खोक्यावर पुतण्याच्या हातची यादी आहे: घोडे ७, स्वार ७, भाले ५, भाले २ मोडले, पुन्हा करणें, पखालजी १ व नालबंद १, बाकी.